फाटक जसं सापडलं तसं

सोमवारी संध्याकाळी आमच्या सायकल गटाच्या रणजितने शेतमालकीण मेरियनबाईंना पाठवलेल्या पत्राची प्रत आम्हा सगळ्यांच्या फोनवर आली, आणि त्यात त्यांची कालवड माझ्यामुळे मेली असं लिहिलेलं होतं.

माझं नाव नव्हतं. 'आमच्या गटातील एक वयोवृद्ध महिला' एवढंच होतं. पत्र इंग्रजीत होतं, भाषा उत्तम होती. त्या महिलेच्या वयोमानामुळे फाटकाबाबत तिच्याकडून अनवधानाने चूक झाली, इथल्या शेतीच्या पद्धती तिला ठाऊक नाहीत, झाल्या प्रकाराबद्दल गट अत्यंत दिलगीर आहे, आणि तिला योग्य ती समज देण्यात आली आहे. शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला कोणी कसली समज दिली नव्हती. मी तेव्हा भाजी चिरत बसले होते.

आमच्या मराठी मंडळाचा 'ग्रॅव्हल ग्रुप' आहे. महिन्यातून एका रविवारी सायकली घेऊन खडीच्या वाटांवरून जायचं. त्या रविवारी आम्ही सात जण होतो. सहा जण चाळिशीच्या आतबाहेरचे, मोठ्या कंपन्यांत नोकऱ्या करणारे, हलक्या वजनाच्या महागड्या सायकलींवर. सातवी मी, वय शहात्तर, सायकल पुढे टोपली असलेली. वयोवृद्ध महिला कोण, हे ओळखायला मेरियनबाईंना फार विचार करावा लागला नसता.

ती वाट काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर मला एवढा राग का आला ते कळणार नाही. आम्ही राहतो त्या पामर्स्टन नॉर्थ शहराच्या बाहेर नदीकाठाने खडीची वाट जाते, आणि पुढे ती जुन्या ट्रॅमच्या मार्गाला मिळते. रूळ केव्हाच उखडले, वर बारीक खडी पसरली. तिथे मोटार येऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना कुरणं, मग पाइनचं जंगल, आणि जंगलापलीकडे समुद्राच्या बाजूला वाळूच्या टेकड्यांमध्ये तीन तळी, त्यांत काळे हंस. जंगल आणि तळी यांच्यामधला दीड किलोमीटरचा तुकडा मात्र मेरियनबाईंच्या शेतातून जातो. आधी विचारणाऱ्या गटांना त्या जाऊ देतात. पाटीवर त्यांचा फोन नंबर आणि एकच सूचना आहे: फाटक जसं सापडेल तसं ठेवा.

मी पुण्यात सायकलवर वाढलेली मुलगी. भावाची सायकल नळीखालून पाय घालून शिकले. कॉलेज सुटलं की लकडी पुलावर सायकलींची एवढी गर्दी व्हायची की पाय टेकवायला जागा मिळायची नाही, आणि तरी सगळ्या पुलावर घंट्यांशिवाय आवाज नसायचा. सहा वर्षांपूर्वी पुण्याला गेले होते तेव्हा भाच्याने मला रस्ता ओलांडतानासुद्धा दंडाला धरलं. मागून कोणी हॉर्न मारणार नाही, अंगावर धूर येणार नाही, आपल्या चाकाचा आवाज आपल्याला ऐकू येईल, असं सायकल चालवणं मला पुन्हा मिळालं ते या खडीवर. ते माझ्या हातून जाण्याची वेळ आली होती. आणि वर समज.

रविवारी झालं ते असं. मी सगळ्यांत हळू. म्हणून गटाचा प्रमुख या नात्याने रणजित माझ्यामागे राहिला होता. मुलगा वाईट नाही. निगडीचा, सहा वर्षांपूर्वी इथे आला, कुणाचंही चाक पंक्चर झालं की पहिला गुडघ्यावर बसतो. बाकीचे पाच जण पुढे तळ्यावर पोचून धपाटे उघडून बसले होते. शेतातल्या दुसऱ्या फाटकातून मी बाहेर पडले आणि मागे साखळीचा आवाज आला. वळून पाहिलं तर रणजित फाटक लावत होता.

"रणजित, ते उघडं होतं," मी म्हटलं. "उघडंच राहू दे."

"काकू, आपल्याच लोकांनी टाकलं असणार तसंच. कुणालाच सवय नाही मागचं दार लावायची."

"नाही रे. साखळी पलीकडच्या खांबाला मागे बांधलेली होती. ते मालकिणीने मुद्दाम ठेवलंय."

"आणि गुरं बाहेर पडली तर? नाव आपल्याच ग्रुपचं जाणार. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

मी पुढे झाले. समोरून वारा होता, गुडघा बोलत होता, पाच जण आमच्यासाठी खोळंबले होते. सगळ्यांत हळू असणाऱ्या माणसाला वाद घालायचा हक्क आहे असं वाटत नाही. तळ्यावर पोचेपर्यंत मी तो विषय मनातून काढून टाकला. परत आम्ही मुख्य रस्त्याने आलो, त्यामुळे ते फाटक पुन्हा वाटेत आलं नाही.

फाटकाच्या अलीकडे बावीस कालवडी होत्या, आणि पाण्याची डोणी पलीकडच्या कुरणात. इथे दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. त्या दिवसभर फाटकाशी उभ्या राहिल्या असणार. रात्री त्यांनी तारेचं कुंपण मोडलं आणि पाण्याच्या वासाने चरात उतरल्या. चरात नुसता गाळ. सकाळी मेरियनबाईंनी एकवीस बाहेर काढल्या, बावीसावी मेलेली होती. त्यांनी रणजितला चार ओळींचा मेसेज पाठवला: फाटक कोणी लावलं ते कळवा, मग तुम्हाला पुन्हा येऊ द्यायचं की नाही ते ठरवते. त्याचं उत्तर म्हणजे ते पत्र.

मी विळी बाजूला ठेवली आणि रणजितला फोन लावला.

"काकू, तुमचं नाव कुठे घेतलंय?" तो म्हणाला.

"सात जणांत वयोवृद्ध महिला किती होत्या?"

"अहो, तेच तर. तुम्हाला कोणी काही बोलणार नाही. वयस्कर माणूस म्हटलं की विषय तिथेच संपतो. लीडरनेच फाटक लावलं असं लिहिलं असतं तर रूट बंद झाला असता ना."

"म्हणजे तू लावलंस हे तुला आठवतंय."

त्याने कुकर बंद केल्याचा आवाज आला.

"मी ग्रुपसाठी केलं, काकू. तुमच्यासाठीसुद्धा. रूट गेला तर तुम्ही कुठे चालवणार?"

"आणि मला समज कोणी दिली?"

"ती लिहायची पद्धत असते. बरं, आणखी एक ठरतंय. सत्तरीपुढच्या मेंबरांनी यापुढे सपोर्ट व्हॅनमधून यायचं. तुम्ही जेवण घेऊन थेट तळ्यावर यायचं. उन्हाचा त्रास नाही, काही नाही."

"सत्तरीपुढचे मेंबर किती आहेत?"

"सध्या तुम्हीच."

माझी मुलगी नीता हॉस्पिटलमधून आली तोवर मी ते पत्र वहीत उतरवून त्याखाली तांबड्या पेनने रेघा मारून ठेवल्या होत्या. तिने उभ्या उभ्या वाचलं, आणि हसली. तिचं हसणं मला रणजितपेक्षा जास्त लागलं.

"आई, सोड ना. कुणाला काय फरक पडतो? त्या बाईला तू कोण हे माहीतसुद्धा नाही."

"मला माहीत आहे ना."

"रणजित आपल्याला किती मदत करतो. तुझं वाय-फाय कोणी नीट करून दिलं?"

"वाय-फाय नीट केलं म्हणून कालवड मी मारली?"

"तसं नाही गं. तुझ्या वयाचा मान ठेवून..."

"हा मान असेल तर अपमान कसा असतो ते सांग मला."

ती चहा करायला गेली. तिच्या आणि माझ्यामध्ये पातेलं दाणकन ठेवल्याचा आवाज तेवढा झाला.

मला इथे येऊन बत्तीस वर्षं झाली. रणजित तेव्हा बालवाडीत असेल. माझे यजमान विश्वनाथ इथल्या कुरणांच्या संशोधनावर नोकरीला आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात, गवताचे नमुने घ्यायला गेलेले असताना, त्यांनी एका शेतावरचं उघडं फाटक लावलं. आपल्याकडे चांगल्या माणसाची ती खूणच आहे. आत आलात तर दार ओढून घ्या, कोंबडं-वासरू बाहेर जाईल. शेतकऱ्याच्या मेंढ्या अर्ध्या अलीकडे, अर्ध्या पलीकडे, आणि कोकरं तिसरीकडे झाली. संध्याकाळी संस्थेत फोन आला. नमुने घेणारे चौघे होते, कोणी लावलं ते बाकीच्या तिघांना ठाऊक नव्हतं. विश्वनाथ रात्री स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत एकच इंग्रजी वाक्य म्हणत राहिले, मी लावलं, चूक माझी. त्यांचं इंग्रजी तेव्हा पुस्तकी होतं आणि उच्चार नागपुरी. पहाटे सहाला गाडी घेऊन गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाले, काही नाही, मान हलवली आणि मला दुसरं फाटक दाखवलं, म्हणाला हे मात्र लाव.

म्हणजे इथल्या शेतीच्या पद्धती मला ठाऊक नाहीत म्हणे.

मंगळवारी नीता कामावर गेल्यावर मी गुडघ्याला पट्टा बांधला, दोन केळी आणि पाण्याच्या दोन बाटल्या टोपलीत घातल्या, फ्रिजवर चिठ्ठी लावली आणि निघाले. मेरियनबाईंचं शेत एकोणीस किलोमीटरवर आहे. नदीकाठी तासाभरात एक कुत्रा फिरवणारे गृहस्थ तेवढे भेटले, त्यांनी किआ ओरा म्हणून इथला नमस्कार केला, मीही म्हटलं, पण बहुधा फार तुटकपणे, कारण मी त्या वेळी मनात रणजितशी बोलत होते. ट्रॅमच्या वाटेला लागल्यावर मनातलं मोठ्याने बोलायला लागले. ऐकायला होतंच कोण? वाटेच्या कडेचे पुकेको पक्षी तांबडे पाय उचलत गवतात पळाले. सात जणांमधला कोण चुकला असं विचारल्यावर सहा जणांच्या नजरा आपोआप माझ्याकडे वळतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि पत्रावर अंगठे उचलून दाखवतात. रणजित सोडून पाचच्या पाच अंगठे आले होते. मी मोजले नव्हते, फोन आपणच मोजून दाखवतो.

वारा समोरून होता, इथे तो नेहमीच समोरून असतो. जंगलात शिरल्यावर थांबला. पाइनच्या सुयांनी खडी झाकलेली, चाकाचा आवाजही बंद. एरवी या जागी मी उतरते, झाडाला टेकून केळं खाते. त्या दिवशी उतरले नाही. रागाचा एक फायदा असतो, चढ लागत नाही.

जंगल संपलं तिथलं शेताचं पहिलं फाटक बंद होतं, आणि पाटीवर रंगाने लिहिलं होतं, सायकली बंद. आत थोड्या अंतरावर एक बाई कुंपणाची तार ओढत होती. शेजारी चार चाकांची मोटारबाइक, तिच्यावर कुत्रा. मेरियनबाईच, रविवारी लांबून आम्ही हिलाच हात केला होता.

"वाट बंद आहे," तिने तिथूनच सांगितलं.

"मला पुढे जायचं नाही. पत्रातली म्हातारी बाई मी."

तिने पक्कड खाली ठेवली आणि फाटकाशी आली. माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं.

"कुठून आलीस?"

"पामर्स्टनहून."

"यावर?"

"हो."

"फाटक तू लावलंस?"

"नाही. ज्याने पत्र लिहिलं त्याने लावलं. मी त्याला उघडं ठेव म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही."

एवढंच सांगायला मी आले होते. वाटेत पन्नास वेळा घोकलं होतं. आता ती म्हणेल, वाटलंच मला, आणि तो पत्रलेखक कसा आहे ते आपण दोघी मिळून बोलू, अशी माझी समजूत होती.

"मग तू काय केलंस?" तिने विचारलं.

एकोणीस किलोमीटरमध्ये हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"पुढे गेले."

"साखळी मागे बांधलेली दिसली होती?"

"हो."

"म्हणजे काय ते तुला कळत होतं?"

"बत्तीस वर्षांपासून."

"फोन होता जवळ? माझा नंबर पाटीवर आहे."

"होता."

कुत्रा मोटारबाइकवरून उतरून फाटकाच्या फटीतून माझ्या चपलांचा वास घेऊन गेला. मग तिने हात लांब करून दाखवलं, चराच्या कडेला माती उकरलेली होती, तिथे ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल ओरखडे होते. "तीन तास लागले," ती म्हणाली. "एकेक करून. जी गेली ती सगळ्यांत पुढे उतरली होती, बाकीच्या तिच्यावर उभ्या होत्या."

मी म्हटलं, "चूक माझीही आहे."

"आहे," ती म्हणाली. "तू आलीस ते बरं केलंस. पत्रं मला भरपूर येतात. पण वाट बंद. त्यांना आणि तुलाही. वयाकडे बघून सोडेन असं वाटत असेल तर मी स्वतः एकाहत्तरची आहे."

मी फाटकाला धरून उभी राहिले. ती तळी, तो दीड किलोमीटर, जंगलातून बाहेर आल्यावर समोर एकदम दिसणारं पाणी, गेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या बाईचा मला राग आला नाही. कालपासून माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. ही बाई तिच्या नेहमीच्या आवाजात बोलली होती.

"आता इथवर आलीच आहेस तर ही तार धर," ती म्हणाली. "ताणून. सोडू नको, तोंडावर बसेल."

मी सायकल कुंपणाला टेकवली, फाटकातून आत गेले आणि फाटक लावलं, कारण ते लावलेलं होतं. तासभर तार धरली. तिचं म्हणणं, आणखी दोन दिवसांचं काम आहे, दुपारी चारनंतर ती इथेच असते, मदत करायची असेल तर मुख्य रस्त्याने गाडी येते. परतीला वारा पाठीशी होता, तरी घरी पोचेपर्यंत माझे दोन्ही तळहात सोलवटले होते.

नीता दारातच उभी होती. काय बोलायचं ते तिने बहुतेक ठरवून ठेवलं होतं, पण माझे हात पाहिले आणि औषधाची पेटी आणायला गेली. पट्टी बांधताना मी तिला सगळं सांगितलं, साखळीचंही, फोन जवळ होता तेही.

"म्हणजे तुलाही बंदी?" ती म्हणाली. "मग मिळवलंस काय, आई?"

"बंदी," मी म्हटलं. "माझ्या नावावर."

तिला ते पटलं नसावं. पण या वेळी ती हसली नाही.

मेरियनबाईंनी रणजितला तोवर कळवलं असणार, कारण आठ वाजता ग्रुपवर त्याचा मेसेज आला. 'मित्रांनो, आपल्या एका ज्येष्ठ सदस्येने कमिटीला न विचारता मालकिणीची भेट घेतल्यामुळे तळ्यांचा रूट कायमचा बंद झाला आहे. कृपया कोणीही त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्या वयाचा मान राखावा.' खाली जोडलेले हात यायला लागले, एक, दोन, तीन.

पुन्हा ज्येष्ठ. पुन्हा वय. फाटकाचा तर उल्लेखच नाही. कालवड मेली ती जणू माझ्या भेटीने.

पट्टी बांधलेल्या हाताने टाइप करायला मला वीस मिनिटं लागली. नीता म्हणाली मी करून देते, मी नको म्हटलं. लिहिलं ते असं:

'रणजित, ज्येष्ठ सदस्या काढ आणि शकुंतला असं लिही. फाटक मागे बांधलेलं मी पाहिलं, तुला बोलले, आणि तरी पुढे गेले. पाटीवरच्या नंबरला फोन केला नाही. हे माझं. फाटक तू लावलंस आणि ते माझ्यावर ढकललंस. हे तुझं. तेही नावानिशी लिही. माझ्या वयाचा मान राखू नका, मला विचारा, मी उत्तर देईन. मेरियनबाईंच्या कुंपणाचं दोन दिवसांचं काम बाकी आहे. मी उद्या चारला जाणार आहे. व्हॅन असेल तर तिचा उपयोग तिथे करा.'

जोडलेले हात यायचे थांबले. रणजित काहीतरी लिहीत असल्याचं वर दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. नीताने माझं ताट वाढलं. मी वरणभात चमच्याने खाल्ला.

पावणेदहाला त्याचा मेसेज आला. ग्रुपवर नव्हे, मला एकटीला.

'काकू, मेन रोडवरून त्यांच्या शेताकडे कुठे वळायचं?'

मला वाट तोंडपाठ होती. लिहिलं असतं तर दोन ओळींचं काम. मी चष्मा पुसला आणि उत्तर दिलं:

'ग्रुपवर विचार.'